ताणून परत न येणारी नस

सत्यशीला स्पिरिटच्या दिव्यावर काचेची कांडी धरायची. ती लाल झाली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हात झटकन फाकवायची, आणि मधे डोक्याच्या केसाहून बारीक असा काचेचा केस लोंबकळत राहायचा. बहुतेक केस फुकट जायचे. एखादा जमला की ती तो सूक्ष्मदर्शकाखाली आडवा लावायची, टोकाला तांब्याच्या तारेचे तोललेले तुकडे अडकवायची आणि किती वजनाला तो किती वाकतो ते बघून घ्यायची. एवढं झालं की तो केस तिचा तराजू व्हायचा. त्या तराजूवर ती नसा तोलायची.

मी आबेदा. विद्यापीठात त्याच प्रयोगशाळेत, तिच्या शेजारच्या टेबलावर माझं माशांचं काम चालायचं. माझ्या कामाला वास होता, तिच्या कामाला शांतता. नस म्हटलं की लोकांना रक्ताची नस आठवते. तिची नस वेगळी, कण्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी, जिच्यामुळं काटा टोचलेला कळतो आणि पाय उचलावासा वाटला की उचलतो. मेंढीच्या मांडीतली ही नस करंगळीएवढी जाड असते आणि तिच्यात हजारो तंतू गवताच्या पेंढीसारखे एकत्र बांधलेले असतात. सत्यशीला दोन सुयांनी ती पेंढी सोडवत बसायची आणि मिठाच्या कोमट पाण्यात एकच तंतू सुटा करायची. त्याचं एक टोक काचेला चिकटवायचं, दुसरं त्या काचेच्या केसाला. मग एक बारीक स्क्रू फिरवायचा. तंतू ताणायचा, केस वाकायचा, वरून कॅमेरा फोटो काढायचा. केस किती वाकला त्यावरून ओढ कळायची, तंतू किती लांबला त्यावरून त्याचा ताठरपणा.

निरोगी तंतू सैल असताना सरळ नसतो. कुरळ्या केसासारखा नागमोडी पडलेला असतो. ताणला की वळणं उलगडतात, सोडला की जशीच्या तशी परत येतात. आपण उकिडवं बसतो, उठतो, गुडघा मुडपतो, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. तुटलेली नस शिवताना ती किती ओढावी याचा अंदाज डॉक्टरांना अशा मोजण्यांतून येतो, म्हणून या कामाला तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. तंतू परत आला की ती हळूच म्हणायची, "आली घरी."

ती फुलंब्री तालुक्यातली. घर मेंढपाळांचं. वडील सोनाजी वर्षातले सहा महिने कळपामागं, आई राजाबाई गावात दोन एकरांवर. पोरगी शिकतेय याचं सोनाजीकाकांना कौतुक होतं, पण काय शिकतेय ते काही केल्या कळत नव्हतं.

"नसा बगती म्हंजे वैदावानी नाडी बगती का?" त्यांनी एकदा माझ्यासमोरच विचारलं.

"नाय आबा. नस किती ताणती ते बगते."

"त्यात काय बगायचं? तुटंस्तवर ओढायची."

"तुटायच्या लई आधी खराब होती ती," सत्यशीला म्हणाली. "तुटल्याली दिसती तरी. खराब झाल्याली दिसत नाय."

काका हसले. त्या वेळी आम्हीही हसलो.

२०१५चा पावसाळा आला तसा गेला. त्याच्या आदल्या सालीही तेच झालं होतं. जायकवाडीच्या पोटात तळाचा गाळ दिसू लागला. नळाला पाणी येण्याचा वार शहरातली माणसं सणासारखी पाठ करून ठेवू लागली. आणि नेमकं त्याच सालांत शहर चहूकडं वाढत होतं. जिथं ज्वारी उगवली नाही तिथं फक्कीच्या रेघा ओढून प्लॉट पडत होते. विहिरी आटल्या तरी खड्डे खोल होत होते, कारण नव्या इमारतींना खाली दोन-दोन मजली पार्किंग लागत होतं.

एरवी सोनाजीकाका उन्हाळ्यात गंगापूरकडं उतरायचे. तिथं उसाचं वाढं मिळायचं, नदीकाठ असायचा. त्या साली ऊसच जळून गेला होता. म्हणून त्यांनी कळप उलटा शहराच्या अंगाला आणला. फुलंब्री रस्त्याला, शहर संपतं तिथं, एका मोकळ्या माळावर मेंढ्यांचा वाडा टाकला. भाजी मंडईत फेकलेली कोबीची पानं टेम्पोवाला आणून ओतायचा, आणि शेजारी कडूबा नावाच्या शेतकऱ्याची विहीर होती. भोवतालच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, तरी कडूबाच्या विहिरीला पाणी होतं. दिवसभर टँकर तिथं भरायचे आणि रस्त्यापलीकडच्या नव्या कॉलनीत रिकामे व्हायचे. विहिरीलगतच्या हौदावर कळपाला प्यायला मिळत होतं. दुष्काळात याहून जास्त नशीब ते काय, असं काका म्हणायचे.

चारा पुरेना तसे ते एकेक जनावर विकू लागले. घेणारा माझा वहाबमामू. जुन्या शहरात त्याचं मटणाचं दुकान आहे आणि सत्यशीलाच्या नसा पहिल्यापासून तिथूनच यायच्या. सकाळी जनावर कापलं की मामू मांडीपासून खुरापर्यंतची नस अखंड सोडवून थंड मिठाच्या पाण्याच्या थर्मासात ठेवायचा. मी येताना घेऊन यायची. "ये तुम्हारा इल्म मेरे कू समजता नहीं," तो म्हणायचा, "लेकिन नस मैं साबूत देता."

मार्चमधल्या एका सकाळी सत्यशीलानं मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता, पण ती टेबलाजवळून उठली नव्हती.

"बघ. सोडलाय मी. केव्हाच."

मी डोळा लावला. तंतू सरळ पडून होता. काचेचा केस पूर्वीच्या जागी आला होता, तंतूवर कसलीच ओढ नव्हती, तरी एकही वळण परत आलं नव्हतं. पावसात भिजून वाळलेल्या सुतळीसारखा तो ताठ होता. आणि त्याच्या लांबीवर मधे मधे फुगवटे होते, सापानं उंदीर गिळल्यावर दिसतात तसे.

"मीठ चुकलं असेल," मी म्हणाले.

तिनं नवं पाणी बनवलं. तापमान तपासलं, केस बदलला, थर्मास धुतला. दुसऱ्या दिवशीच्या नसेतला तंतू कुरळा होता, ताणला, परत आला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तो सुतळीचा प्रकार. मग ती हट्टाला पेटली. त्याच नसेचे तिनं वरपासून खालपर्यंत तुकडे केले आणि एकेका तुकड्यातले तंतू मोजले. कमरेजवळचे जवळपास ठीक होते. गुडघ्याखालचे वाईट. खुराजवळच्या तंतूला तर ताणताना मधेच चिरा जात होत्या.

"शेंड्याकडून वाळत आलंय," ती म्हणाली. "आजार नाही हा. जनावराच्या पोटात काहीतरी जातंय."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मामूच्या दुकानावर गेलो. कुठल्या दिवशीचं जनावर कुणाकडचं, एवढंच विचारायचं होतं. मामूनं सुरी पुसली, खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता सत्यशीलाकडं बघितलं.

"बुरा मत मानना बेटा. जिस दिन का तू बोलती, दोनों बार तेरे बाबा के जानवर थे."

तिनं हातातली तारखांची वही मिटली.

"टेम्पोतून उतरतानाच मागचे पाय फेकत होते," मामू मराठीत म्हणाला, जणू त्यानं बातमी जरा हलकी होणार होती. "मला वाटलं, तहानेनं. या साली सगळीच जनावरं लडखडतात." मग आवाज खाली आणून त्यानं मला विचारलं, "और जो बिक गया, उसका?"

ते मटण आमच्याही घरी शिजलं होतं. मामूनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्या आठवड्यात ते पुन्हा उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवरून आम्ही फुलंब्री रस्त्याला निघालो. ऊन इतकं होतं की रस्त्यावर पाण्याची खोटी डबकी दिसत होती. दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या, पाट्यांवर हिरवीगार झाडं रंगवलेली, आणि पाट्यांच्या मागं एकही झाड नाही. माळावर पोचलो. लांबून कळप नेहमीसारखाच दिसला. जवळ गेल्यावर लक्षात आलं की एकही मोठं जनावर हलत नाहीये. मेंढ्या मागचे पाय फाकवून उभ्या होत्या, जसं काही पायाखालची जमीन त्यांना भरवशाची वाटत नव्हती. कोकरं मात्र मजेत उड्या मारत होती. ती अजून आईच्या दुधावर होती, हौदाकडं फिरकत नव्हती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची मेंढी बसून होती. आम्हाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे तिथंच राहिले.

सोनाजीकाका पलीकडून आले. सत्यशीला त्यांच्याकडं जात होती, ती मधेच थांबली.

काका पाय गुडघ्यात उंच उचलत होते आणि जमिनीवर आपटल्यासारखे टाकत होते. नजर सारखी खाली, स्वतःच्या पायांवर.

"आबा, आसं का चालताय?"

"कसं?"

"खाली बगून."

"वर बगून चालायला हितं काय पीक डोलतंय का?"

तिनं त्यांचा हात हातात घेतला. उन्हात सगळ्यांचेच हात ओले असतात, पण त्यांचा तळवा गार होता, घामानं निथळत होता, आणि बोटांच्या कातडीचे पापुद्रे निघाले होते. "चुना लागला आसंल," ते म्हणाले.

"आबा, पाय जुळवून हुबं ऱ्हावा. आता डोळे मिटा."

त्यांना गंमत वाटली. पोरीनं लहानपणचा खेळ काढला असं वाटून त्यांनी हसत डोळे मिटले. आधी हातातली काठी पडली. मग ते अख्खे, ताठच्या ताठ, कापलेल्या झाडासारखे बाजूला कलले. सत्यशीला तयारच होती. नसा पायांची खबर देईनाशा झाल्या की माणूस फक्त डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. तिनं त्यांना कवेत धरलं आणि हळू खाली बसवलं.

"ऊन लागलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा घाबरलेला दिसला. "ऊनच हाय. व्हय ना गं?"

"व्हय आबा," ती म्हणाली, आणि माझ्याकडं वळून तिनं विहिरीकडं बोट केलं.

विहिरीपासून हाकेच्या अंतरावर एका मोठ्या इमारतीचा खड्डा खोदलेला होता. खड्ड्याच्या भिंतींना भोकं पाडून माणसं पंपानं त्यात काहीतरी सोडत होती. तिथला सुपरवायझर बोलका होता. "काय सांगू ताई, सगळीकडं दुष्काळ आणि आमच्या खड्ड्यात पाझर. त्या विहिरीचा झरा इकडं फुटलाय. म्हणून जमिनीला इंजेक्शन मारतोय. औषध आत जातं, त्याची जेली होते, झरा बंद."

"आणि ज्याची जेली होत नाही ते?" मी विचारलं.

"ते कुठं जाणार? जमिनीत."

बाजूला ड्रम रचलेले होते. त्यांवर कवटीचं चित्र होतं आणि खाली नाव, अक्रिलामाइड. आम्ही दोघींनी ते एकदमच वाचलं. तो पदार्थ आमच्याही कपाटात होता. प्रथिनं वेगळी करायला आम्ही त्याची जेली बनवायचो. जेली झाल्यावर तो निरुपद्रवी असतो, पण त्याआधी, पाण्यात विरघळलेला, तो नसांचं विष असतो. ना रंग, ना वास. हातमोज्याशिवाय त्या बाटलीला शिवायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. इथं खड्ड्यातली माणसं उघड्या हातांनी काठीनं ते ढवळत होती. सत्यशीला त्यांना ओरडून हात धुवायला सांगू लागली. सुपरवायझरचा बोलकेपणा तिथंच संपला.

कडूबाचं घर विहिरीपलीकडं होतं. तो ओट्यावर बसला होता, बायको गोजरबाई आत तांदूळ निवडत होती. सत्यशीलानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हे पाणी थांबवा, म्हणाली.

"लई शानी झालीस," कडूबा म्हणाला. "ह्या पान्यावर अर्धी कॉलनी जगती. मी सोता पितोय, बग, हाय का काय मला?" आणि त्यानं माठातलं पाणी तांब्यात घेऊन आमच्यासमोर घटाघटा प्यायलं.

आत तांदळाचं ताट घरंगळल्याचा आवाज आला. गोजरबाई दारात आली. साठीची, बारीक अंगाची बाई. तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. बोटांचे पापुद्रे निघालेले होते.

"मला सुई ओवंना झालीय," ती म्हणाली. "खडा आन् तांदूळ बोटाला सारखाच लागतो. डाक्टर म्हनला, मानंचं हाय." थोडं थांबून तिनं विचारलं, "पोरी, मेंढराची नस आन् मानसाची नस येगळी आसती का?"

"नाय मावशी. सारखीच."

गोजरबाईनं हात पदराला पुसले. एका हातानं भिंत धरत, पाय बघून टाकत ती विहिरीकडं गेली. मोटारीच्या पेटीचं झाकण उघडलं, फ्यूज उपसून काढले आणि विहिरीत टाकले. टँकर अर्धा भरला होता. ड्रायव्हर ओरडला, कडूबा शिव्या देत धावला. ती पेटीला पाठ लावून तिथंच खाली बसली. तिला उठवायचं धाडस कुणाचं झालं नाही.

विहीर थांबली, पण नुसती तेवढ्यावर गोष्ट मिटणार नव्हती. आमच्या सरांनी सगळे फोटो शांतपणे बघितले. ते भले गृहस्थ, पण सावध. "मोजमाप उत्तम आहे," ते म्हणाले, "पण मेंढी ती मेंढी. शिवाय नमुने थोडे. कुणीही म्हणेल, उपासमारीनं झालं." पाणी तपासायला बाहेरगावी पाठवायचं ठरलं, त्याला वेळ लागणार होता. तोवर कळपातल्या, विषाशिवाय दुसरं काही झालेलं नाही अशा जनावराची पूर्ण नस हवी होती. चांदी खाऊन-पिऊन धडधाकट होती. फक्त तिला उभं राहता येत नव्हतं.

सत्यशीलानं वडिलांना विचारलं तेव्हा मी जवळच होते. काका बराच वेळ मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला लोकर जाणवत होती की नाही कोण जाणे.

"तुला कामाला येती का?"

"येती आबा."

"मंग घे. हितं झिजून मरन्यापरीस बरं."

वहाबमामू स्वतः आला. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं तेव्हा चांदीच्या डोक्यावर सोनाजीकाकांचा हात होता. नस काढल्यावर बाकी सगळं चुना टाकून खोल पुरलं. मामूनं आयुष्यात पहिल्यांदा जनावर असं मातीत घातलं.

त्यानंतर सत्यशीला टेबलावरून हलेनाशी झाली. तंतूमागून तंतू. मी तिच्या पुढ्यात डबा ठेवायची, तो तसाच परत जायचा. पूर्वी ती प्रत्येक तंतूला काहीतरी बोलायची, आता नुसता स्क्रूचा आवाज यायचा. चांदीच्या एकाही खुराजवळच्या तंतूला वळण नव्हतं.

सोनाजीकाकांना तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात आणलं, त्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले. आमच्याकडं ते पहिल्यांदाच येत होते. दारात चपला काढून, टेबलांना धरत धरत आत आले. "दाव की काय बगती ते," म्हणाले. सत्यशीला नको नको म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. काचेखाली आधी एक निरोगी तंतू होता, दुसऱ्या गावच्या जनावराचा. तिनं तो ताणला, सोडला. काका खूश झाले. "सापाच्या पिलावानी वळतंय गं!"

मग त्यांनी विचारलं, "आन् आपल्या चांदीची?"

तिनं काच बदलली. ताणला. सोडला. काका डोळा लावून वाट बघत राहिले. खिडकीबाहेर विद्यापीठाच्या मागचा डोंगर उन्हात पांढरा पडला होता.

"सोड की," ते म्हणाले.

"सोडलीय आबा."

त्यांनी डोळा काढला नाही. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "माझी बी आशीच?"

सत्यशीलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी हळूहळू मान वर केली, टेबलावरची काठी चाचपली आणि म्हणाले, "मंग कॉलनीतल्या लोकान्ला सांग. त्येन्ला कुनी सांगितलं नसंल."

कॉलनीत आम्ही तिघी गेलो. तिसरी गोजरबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं, नवऱ्याशी भांडून ती आपली आपण आली. नव्या इमारती, नव्या रंगाचा वास, जिन्यात निळे पिंप ओळीनं. पहिल्या दारातल्या माणसाला आम्ही काहीतरी विकायला आलोय असं वाटलं. दुसऱ्यानं दार लावून घेतलं. सत्यशीला समजावून सांगत होती, कागद दाखवत होती, आणि लोक अधिकच संशयानं बघत होते. तेव्हा गोजरबाई जिन्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, माझ्याच हिरीचं पानी तुमी प्यालात. माझे हात बगा आन् मंग तुमचे बगा."

एकेक दार उघडलं. बायका आपले तळवे उलटे-सुलटे करून बघू लागल्या. एकीच्या हातून महिनाभर घरातल्या काचेच्या वस्तू फुटत होत्या, सासू तिला धांदरट म्हणत होती. एका गृहस्थाला ब्रेकवर पाय आहे की नाही ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं आणि घरात कुणाला कारण सांगितलं नव्हतं. कुणाला डॉक्टरांनी साखर सांगितली होती, कुणाला मणका, कुणाला मनाचा खेळ. सत्यशीला एकेकाला पाय जुळवून उभं करायची, डोळे मिटायला सांगायची आणि स्वतः मागं हात पसरून उभी राहायची. त्या दुपारी तिनं किती माणसांना पडताना झेललं, मला आठवत नाही. गर्दी होत गेली.

पाण्याचा अहवाल आला तेव्हा त्यात तेच निघालं. दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सत्यशीलाचे फोटो पुढं ठेवून घेतले आणि सगळ्यांच्या नसा विजेच्या यंत्रावर तपासल्या. ज्यांनी थोडे दिवस पाणी प्यायलं होतं ते सुधारले. पाणी थांबलं की नस हळूहळू, केसाकेसानं, पुन्हा वाढते. पण सगळी नाही. ड्रमवाला ठेकेदार तोवर काम संपवून निघून गेला होता. त्याचं नाव पाटीवरही नव्हतं. खड्डा कोरडा झाला होता, म्हणजे औषध उत्तम लागलं होतं. खड्ड्यात काठीनं औषध ढवळणारी माणसं कुठली होती, कुठं गेली, त्यांच्या हातांचं काय झालं, हे सत्यशीलानं पुष्कळ शोधलं. पत्ता लागला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. लोक रस्त्यावर येऊन भिजले, आणि शहर दुष्काळ विसरलं. कडूबाची विहीर काठोकाठ भरली. नंतर ती जागा विकली गेली, विहिरीत राडारोडा टाकून वरून सपाट केली. गोजरबाईला सुई ओवता येऊ लागली, पण तळपाय मुके राहिले ते राहिलेच. सोनाजीकाकांनी उरलेली जनावरं भावाला दिली. ते आता गावातच असतात. उजेडात बरे चालतात.

सत्यशीलाचा प्रबंध पूर्ण झाला आणि तिला कन्नड गावातल्या एका कॉलेजात नोकरी लागली. पण सुट्टी पडली की ती शहरात यायची आणि मला घेऊन त्या बाजूला जायची. ती तिथं काय बघते ते मी विचारायची नाही. मला ते माहीत होतं. जमिनीत गेलेलं पाणी उताराला लागतं, आणि तो उतार कुठं जातो ते कुठल्याच नकाशावर नव्हतं. ती नव्या बोअरचे पत्ते गोळा करत होती.

अशाच एका रविवारी आम्ही त्या खड्ड्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत शिरलो. चौथ्या मजल्यावर एका तरुण बाईनं दार उघडलं. सत्यशीला नावाच्या बाईंबद्दल तिनं काही ऐकलेलं नव्हतं. दुष्काळात ती पुण्याला होती. बोलकी होती, घर दाखवायची हौस होती. तिनं आम्हाला बसवलं आणि ट्रेमधून पाण्याचे दोन ग्लास आणले.

"बोअरचं का?" सत्यशीलानं विचारलं.

"हो ना. एकदम गोड आहे. बाकीच्या सोसायट्यांना टँकर लागतात, आम्हाला कधीच नाही."

सत्यशीलानं ग्लास हातात धरला, प्यायली नाही. "घरात कुणी चालताना अडखळतं का? हातातून वस्तू पडतात का?"

बाई हसली. "नाही हो. आम्ही सगळे ठणठणीत." मग आठवल्यासारखं करून म्हणाली, "सासरे जरा धडपडतात. पण त्यांचं वय झालंय."

"किती वय?"

"पंचावन्न."

आतल्या खोलीतून भिंतीला हात घासत कुणीतरी येत असल्याचा आवाज आला. सत्यशीलानं ग्लास टीपॉयवर ठेवला आणि ती उठून उभी राहिली.